विवर्धकातील 'परिणाम-वळसा': गिटारपासून बेंजोपर्यंत एका तांत्रिक बदलाचा इतिहास
(श्रीगोंदा परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

विद्युत गिटारच्या विवर्धकामध्ये पूर्वविवर्धन आणि शक्तिविवर्धन या दोन टप्प्यांच्या मध्ये ध्वनी बाहेर काढून, त्यावर प्रतिध्वनीसारखा संस्कार करून तो परत आत घेण्याची जी सोय केली जाते, तिला व्यवहारात 'इफेक्ट्स लूप' म्हणतात. प्रस्तुत शोधनिबंधात तिच्यासाठी 'परिणाम-वळसा' ही संज्ञा योजली आहे. ही सोय का निर्माण झाली, तिच्यामागील तांत्रिक कारणे कोणती आणि महाराष्ट्रातील बेंजो पार्टी, तमाशा व कीर्तन यांच्या ध्वनिव्यवस्थेशी तिचा संबंध कसा येतो, याचा ऐतिहासिक आढावा येथे घेतला आहे. संस्कार कोणता करावयाचा यापेक्षा तो कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या आवाजावर करावयाचा, हाच या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : विवर्धक, परिणाम-वळसा, प्रतिध्वनी, विद्युत गिटार, बेंजो, झीलकरी, ध्वनिप्रदूषण.

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण भागातील श्रीगोंदा तालुका घोड व कुकडी कालव्यांच्या पाण्यावरील ऊस, साखर कारखाने, भीमेकाठचे पेडगाव आणि 'योगसंग्राम'कर्ते संत शेख महंमद यांच्यामुळे परिचित आहे. विद्युत गिटार आणि तिचे विवर्धक यांचा या मुलखाशी काय संबंध, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि गावची यात्रा, लग्नाची वरात, गणेशोत्सवाची मिरवणूक किंवा अखंड हरिनाम सप्ताह यांपैकी कोणताही प्रसंग घेतला, तरी तेथील आवाज एका विवर्धकातून जातो आणि बहुतेक वेळा त्याला 'इको' दिलेला असतो. हा 'इको' विवर्धकाच्या कोणत्या ठिकाणी जोडला जातो, हा प्रश्न कॅलिफोर्नियातील गिटारवादकासमोर जसा होता तसाच तो येथील मशीनवाल्यासमोरही आहे. वाद्य आणि प्रसंग वेगळे असले तरी त्यामागील भौतिकशास्त्र एकच आहे.

मराठीत संगीताचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. घराणी, नाट्यपदे, लावणी, शाहिरी यांवर मौलिक ग्रंथ उपलब्ध आहेत. मात्र हे संगीत ज्या यंत्रांद्वारे गेल्या सात-आठ दशकांत श्रोत्यांपर्यंत पोहोचले, त्या यंत्रांचा व ती सांभाळणाऱ्या कारागिरांचा विचार त्या मानाने अल्प झाला आहे. ही उणीव अंशतः भरून काढावी, हा या लेखनामागील हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. परिणाम-वळसा ही संकल्पना स्पष्ट करणे व तिचा ऐतिहासिक क्रम मांडणे.
२. हा वळसा विवर्धकात बसविताना पाळाव्या लागणाऱ्या तांत्रिक अटींचे विवेचन करणे.
३. महाराष्ट्रातील लोककला व समारंभांतील ध्वनिव्यवस्थेच्या संदर्भात या संकल्पनेचा अर्थ शोधणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. यंत्रांच्या विकासाचे टप्पे कालानुक्रमे घेऊन प्रत्येक टप्प्यावर कोणती अडचण होती आणि तिच्यावर कोणता उपाय निघाला, अशा क्रमाने विवेचन केले आहे. आवश्यक तेथे साधी आकडेमोड दिली आहे.

१. विद्युत गिटार आणि विवर्धक यांची जोडी

साध्या गिटारचा आवाज मोठ्या वाद्यवृंदात बुडून जातो. या अडचणीतून १९३१ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज बोशाँ व रिकेनबॅकर यांनी चुंबकीय पिकअप असलेली गिटार सिद्ध केली आणि १९३२ पासून ती विक्रीस आली. तारेच्या कंपनामुळे चुंबकीय क्षेत्रात बदल होतो, त्यामुळे वेटोळ्यात अत्यल्प विद्युत दाब निर्माण होतो आणि तो दाब विवर्धकाने वाढविला जातो. ही पहिली गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची, म्हणजे हवाईयन पद्धतीची होती. आपल्याकडे गिटार प्रथम याच रूपाने लोकप्रिय झाली, ही बाब लक्षणीय आहे. तारेवरून सळई सरकविल्याने मिळणारी मींड भारतीय कानाला परिचित होती. पुढे व्हॅन शिपले व हजारा सिंग यांच्या, चित्रपटगीतांच्या धून असलेल्या तबकड्यांनी विद्युत गिटारचा नाद घराघरांत नेला.

विवर्धकाचे मूळ कार्य आवाज वाढविणे एवढेच होते. लिओ फेंडर यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे विवर्धक याच दृष्टीने रचलेले होते. परंतु क्षमतेपेक्षा अधिक जोर दिल्यावर निर्वात नलिकांमधून ध्वनितरंगांची शिखरे छाटली जातात आणि आवाजाला एक प्रकारची खरखर व दीर्घ टिकाव प्राप्त होतो, हे वादकांच्या लक्षात आले. अभियंत्याच्या दृष्टीने तो दोष होता, तर वादकाच्या दृष्टीने तो नवा वर्ण होता. १९६२ मध्ये लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात फेंडरच्या 'बासमन' या विवर्धकाच्या आधारे 'जेटीएम ४५' तयार झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेत 'माएस्ट्रो फझ-टोन' हे पायाने चालविण्याचे विकृतियंत्र बाजारात आले. आवाज वाढविणारे यंत्र आता आवाज घडविणारे यंत्र झाले.

२. प्रतिध्वनीची यंत्रे

प्रतिध्वनी ही मनुष्याने फार पूर्वीपासून अनुभवलेली गोष्ट आहे. विजापूरच्या गोलघुमटात एक शब्द उच्चारला असता तो अनेकदा परत ऐकू येतो. हाच परिणाम यंत्राने मिळविण्याचा पहिला व्यवहार्य मार्ग चुंबकीय फितीचा होता. एका शीर्षाने फितीवर ध्वनी मुद्रित करावयाचा आणि काही अंतरावरील दुसऱ्या शीर्षाने तो वाचावयाचा. फितीचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर आणि शीर्षांमधील अंतर ५ सेंटिमीटर असेल, तर दुसरा आवाज सुमारे ०.२६ सेकंदाने येतो. निसर्गात एवढ्या विलंबासाठी सुमारे ४५ मीटर अंतरावर भिंत अथवा कडा असावा लागतो. म्हणजे डोंगराचे काम पाच सेंटिमीटर फितीने केले, असे म्हणता येईल. लंडनमध्ये १९५८ मध्ये आलेले 'वॉटकिन्स कॉपिकॅट' आणि जपानमध्ये १९७४ मध्ये आलेले 'रोलँड स्पेस इको' ही या जातीची प्रसिद्ध यंत्रे होत.

फित झिजते, तुटते आणि धुळीत टिकत नाही. १९६९ मध्ये फिलिप्सच्या संशोधन प्रयोगशाळेतील सँगस्टर व टीर यांनी संधारित्रांच्या मालिकेतून विद्युत भार एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर सरकविण्याची युक्ती मांडली. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लावून हातोहात बादल्या द्याव्यात, तशी ही रचना असल्याने तिचे इंग्रजी नावही बादल्यांच्या रांगेवरूनच पडले. ४,०९६ टप्प्यांची अशी मालिका १० किलोहर्ट्झच्या तालावर चालविल्यास सुमारे ०.२०५ सेकंदांचा विलंब मिळतो. त्यानंतर अंकीय तंत्राने हा मार्गही सोपा केला. तैवानमधील प्रिन्स्टन टेक्नॉलॉजी या कंपनीची 'पीटी २३९९' ही एकच चकती थोड्या पूरक घटकांसह प्रतिध्वनी देऊ शकते, त्यामुळे स्वस्त 'इको' फलकांमध्ये तिचा वापर सर्वत्र रूढ झाला.

३. वळशाची गरज का निर्माण झाली

विकृतियंत्र आणि प्रतिध्वनियंत्र ही दोन्ही उपलब्ध झाल्यावर त्यांच्या क्रमाचा प्रश्न उपस्थित झाला. वरवर पाहता क्रमाने काही बिघडू नये असे वाटते, परंतु वस्तुस्थिती तशी नाही.

छाटणी करणारा टप्पा हा अरेषीय असतो. त्याच्यात २०० आणि ३०० हर्ट्झचे दोन स्वर एकदम गेले, तर मूळ स्वरांबरोबरच त्यांच्या वजाबाकीचा १०० व बेरजेचा ५०० हर्ट्झचा स्वरही बाहेर पडू शकतो. आता प्रतिध्वनी आधी आणि विकृती नंतर असा क्रम ठेवला, तर मागील स्वराची प्रतिध्वनी आणि चालू स्वर ही दोन्ही छाटणीत एकत्र येतात आणि वादकाने कधीही न वाजविलेले स्वर निर्माण होतात. शिवाय प्रत्येक आवृत्ती क्रमाने मंद होत जाणे हा प्रतिध्वनीचा स्वभाव आहे. छाटणीमुळे मोठा व लहान आवाज जवळजवळ सारखा होतो, म्हणून हा उतारही नाहीसा होतो. उलट क्रमात, म्हणजे विकृती आधी व प्रतिध्वनी नंतर ठेवल्यास तयार झालेल्या आवाजाची स्वच्छ नक्कल मिळते.

विकृती पायातील यंत्रातून येत होती तोवर क्रम बदलणे सोपे होते. परंतु १९७० च्या दशकात पूर्वविवर्धनाच्या एकापाठोपाठ अनेक नलिका आणि त्यांच्या शेवटी एकूण आवाजाचे वेगळे नियंत्रण अशी रचना प्रचारात आली. कॅलिफोर्नियातील रँडल स्मिथ यांच्या 'मेसा बूगी' विवर्धकांनी ही रचना पुढे नेली. मार्शलनेही १९७५ मध्ये एकूण आवाजाच्या स्वतंत्र नियंत्रणाचा विवर्धक आणला. आता विकृती विवर्धकाच्या पोटात निर्माण होऊ लागली आणि तिच्यानंतर काही जोडावयाचे तर विवर्धक मध्येच 'कापणे' भाग पडले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या मेसाच्या 'मार्क-२' मालिकेत आणि पुढे ऐंशीच्या दशकात अनेक कंपन्यांच्या विवर्धकांत पाठीमागे दोन छिद्रे दिसू लागली. एकातून ध्वनिसंकेत बाहेर जातो व दुसऱ्यातून परत येतो. हाच परिणाम-वळसा होय. ज्यांचे जुने विवर्धक अशा सोयीविना होते, त्यांनी ते दुरुस्ती करणाऱ्याकडे नेऊन ही सोय नव्याने बसवून घेतली. जुन्या विवर्धकात वळसा बसविणे हे त्यामुळे एक स्वतंत्र कसब ठरले.

४. वळसा बसविण्याच्या तांत्रिक अटी

केवळ तार कापून दोन सॉकेट लावली की काम झाले, असा समज झाल्यास निराशा पदरी पडते. पुढील पाच अटी मूलभूत आहेत.

पहिली अट पातळीची. नलिका विवर्धकाच्या आतील ध्वनिसंकेत कित्येक व्होल्टचा, प्रसंगी दहा-वीस व्होल्टपेक्षाही अधिक असतो. पायातील प्रतिध्वनियंत्र मात्र एका व्होल्टच्या अंशाची अपेक्षा करते. म्हणून बाहेर जाताना संकेत कमी करावा लागतो आणि परत आल्यावर तेवढाच वाढवावा लागतो. वाढविण्याच्या या कामासाठी बहुधा एक जादा नलिका अथवा ट्रान्झिस्टरचा टप्पा लागतो.

दुसरी अट रोधाची. समजा, संकेत जेथून काढला त्या जागेचा निर्गत रोध १०० किलोओहम आहे आणि जोडलेल्या पाच मीटर केबलची धारिता ५०० पिकोफॅरड आहे. अशा स्थितीत सुमारे ३,१८० हर्ट्झच्या वरील उंच स्वर क्षीण होऊ लागतात आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. तोच रोध १ किलोओहम केला तर ही मर्यादा शंभर पटींनी वर, ऐकण्याच्या कक्षेपलीकडे जाते. यासाठी बाहेर जाण्याच्या वाटेवर संकेत न वाढविणारा पण रोध कमी करणारा टप्पा ठेवतात.

तिसरी अट पूर्ववत स्थितीची. वळशात काहीही जोडलेले नसताना विवर्धक नेहमीसारखा चालला पाहिजे. त्यासाठी परतीच्या सॉकेटमध्ये अशी पाती असते की पिन घातली नसता दोन्ही मार्ग आपोआप जोडलेले राहतात. या पातीवर काट चढला की विवर्धक मधूनमधून मुका होतो. अनेक तथाकथित मोठे बिघाड या एका पातीच्या सफाईने दूर होतात.

चौथी अट जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. विवर्धक व बाहेरील यंत्र यांना दोन वेगळ्या वाटांनी जमीन मिळाली, तर त्या दोन वाटांचे कडे तयार होते आणि ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. ती घालविण्यासाठी संरक्षक अर्थिंग तोडणे हा जीवघेणा उपाय आहे. संकेताच्या वाटेतील जोडणी सुधारणे अथवा रोहित्राने ती वेगळी करणे, हाच योग्य मार्ग होय.

पाचवी अट सुरक्षिततेची. नलिका विवर्धकात ३०० ते ४५० व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही मोठ्या संधारित्रांत तो काही काळ साठून राहतो. बाहेर जाणाऱ्या मार्गात हा दाब अडविणारे संधारित्र नसेल किंवा ते निकामी झाले, तर हा दाब थेट पिनेवर येऊ शकतो.

याखेरीज वळशाचे दोन प्रकार संभवतात. मालिका वळशात सर्व आवाज बाहेर जाऊन परत येतो. समांतर वळशात मूळ आवाज आतून सरळ पुढे जातो आणि केवळ संस्कारित आवाज त्यात हवा तेवढा मिसळला जातो. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

५. महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : झीलकरी आणि चालत आलेला स्वर

यंत्रापूर्वी हजारोंच्या समुदायापर्यंत आवाज पोहोचविण्याच्या आपल्या रीती होत्या. तमाशात व पोवाड्यात शाहिराने ओळ टाकावी आणि डफ-तुणतुण्याच्या साथीत झीलकऱ्यांनी तिचा शेवट उंच स्वरात उचलून धरावा, ही परंपरा सर्वपरिचित आहे. कीर्तनात बुवांचे चरण टाळकरी उचलतात. येथे मूळ स्वर दुसऱ्याकडे सोपविला जातो, तो वाढवून व रंगवून परत सभेत आणला जातो आणि तेवढ्या अवधीत मुख्य गायकाला श्वास मिळतो. झीलकरी म्हणजे यंत्र नव्हे आणि झील म्हणजे केवळ नक्कल नव्हे, ही मर्यादा मान्य करूनही असे म्हणता येईल की, स्वर बाहेर पाठवून संस्कारासह परत घेण्याची कल्पना या मातीला अनोळखी नव्हती. विशेष म्हणजे झील शब्द पूर्ण झाल्यावर येते, तो चालू असताना त्याच्यावर आदळत नाही. अर्थ सुरक्षित ठेवून नाद वाढविणारी ही समांतर रचना होती.

दुसरे उदाहरण मुंबईच्या ध्वनिमुद्रणाचे आहे. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेल्या 'आयेगा आनेवाला' या गीताच्या आरंभी दुरून जवळ येणाऱ्या स्वराचा परिणाम हवा होता. लता मंगेशकर यांनी मायक्रोफोनपासून दूर उभे राहून गात गात हळूहळू त्याच्याजवळ येऊन तो साधला. येथे खोलीच परिणामयंत्र झाली आणि संस्कार विवर्धनाच्या आधी, हवेतच घडला. आवाजात विकृती नसल्याने हा क्रम सर्वस्वी योग्य होता. 'आधी की नंतर' या प्रश्नाला सार्वकालिक उत्तर नाही, ते पुढील टप्प्यात काय घडणार आहे यावर अवलंबून आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

६. घटकांची उपलब्धता आणि स्थानिक कारागिरी

भारतात विवर्धकांची दुरुस्ती व बांधणी वाढण्यास देशी घटकांचे उत्पादन कारणीभूत ठरले. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उद्योगाने १९६१ मध्ये ग्राही नलिका आणि १९६२ मध्ये जर्मेनियम अर्धवाहक घटक तयार करण्यास प्रारंभ केला. दिल्लीच्या आहुजा कंपनीचे विवर्धक व कर्णे देशभरातील सभा-समारंभांत रुळले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची बुधवार पेठ येथून सुटे भाग तालुक्याच्या गावापर्यंत जात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील रेडिओ व दूरचित्रवाणी दुरुस्तीच्या अभ्यासक्रमांनी डाख लावणारे हात तयार केले.

विदेशी गिटार विवर्धक आणि परिणामयंत्रे मात्र आयात परवाने व चढे सीमाशुल्क यांमुळे सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर होती. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर हे चित्र पालटू लागले आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेले संख्यात्मक आयातनिर्बंध उठल्यावर स्वस्त परदेशी यंत्रे जिल्ह्याच्या बाजारातही दिसू लागली. तत्पूर्वीच्या काळात सभेसाठी बनविलेला विवर्धक वाद्यासाठी वापरणे आणि त्यात स्वतः फेरफार करणे हाच व्यवहार्य मार्ग होता. यास केवळ 'जुगाड' म्हणून बाजूला सारणे न्याय्य नाही. संकेत कोठून काढावा आणि कोठे परत द्यावा याचा निर्णय करणारा कारागीर, आकृती समोर नसली तरी, रचनेचाच विचार करीत असतो.

७. बेंजो : मराठी मिरवणुकीची विद्युत गिटार

महाराष्ट्रातील 'बेंजो' हे वाद्य नावाने पाश्चात्त्य असले तरी वंशाने जपानी आहे. १९१२ मध्ये नागोया येथे मोरिता गोरो यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले 'ताइशोगोतो' हे तंतुवाद्य तयार केले. भारतात ते 'बुलबुल तरंग' म्हणून रुजले. डाव्या हाताने कळा दाबावयाच्या आणि उजव्या हातातील नखीने तारा छेडावयाच्या, अशी वादनपद्धती आहे. शिकण्यास तुलनेने सोपे आणि अल्पमोली असलेले हे वाद्य पिकअप बसविल्यावर मिरवणुकीत अग्रभागी आले. ढोल, ताशा, पुढे कीबोर्ड व ऑक्टोपॅड यांच्या साथीने बेंजो पार्टी गणेशोत्सव, हळद व वराती यांचा अविभाज्य भाग बनली. २०१६ मध्ये रवी जाधव दिग्दर्शित 'बेंजो' या हिंदी चित्रपटाचाही हाच विषय होता.

तांत्रिक दृष्टीने बेंजो व विद्युत गिटार यांची स्थिती एकसारखी आहे. दोन्हींत तार, पिकअप, विवर्धक व ध्वनिक्षेपक ही साखळी आहे. बेंजोचा स्वर छेडल्यावर लवकर विरतो, म्हणून गाण्याची ओळ सलग वाटावी यासाठी प्रतिध्वनीचा आधार मोलाचा ठरतो. रस्त्यावर, ढोलाच्या गदारोळात, विवर्धक क्षमतेच्या टोकावर चालतो आणि तेथे छाटणी अटळ होते. प्रतिध्वनी वाद्य व विवर्धक यांच्या मध्ये जोडली, तर तिसऱ्या प्रकरणात सांगितलेली गुंतागुंत येथेही घडते आणि ओळीतील स्वर एकमेकांत मिसळून जातात. छाटणी शेवटच्या शक्तिविवर्धनातच होत असेल, तर मधल्या वळशानेही हा दोष जात नाही, कारण वळसा त्या टप्प्याच्या आधी येतो. तेव्हा उपाय एकच उरतो, तो म्हणजे विवर्धक त्याच्या क्षमतेच्या आत चालविणे. वळसा सर्व दोषांवरील औषध नाही, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

८. शब्द, प्रतिध्वनी आणि कायदा

वाद्याला जे भूषण ठरते तेच शब्दाला बाधक ठरू शकते. एक ध्वनी व त्याची आवृत्ती यांत सुमारे ५० मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर कान बोलण्यातील ते दोन्ही ध्वनी एकच मानतो, अधिक असेल तर दुसरा ध्वनी वेगळा जाणवू लागतो. मनुष्य सामान्यतः सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो. म्हणजे पाव सेकंदाची प्रतिध्वनी नेमकी पुढच्या अक्षरावर येऊन पडते. यात्रेच्या मैदानात दूरदूर लावलेल्या कर्ण्यांमुळे मुळातच असा विलंब असतो, त्यात यंत्राची भर पडली की निरूपण ऐकू येते पण कळत नाही. श्रीगोंद्यासारख्या, संतवाङ्मयाचा वारसा सांगणाऱ्या गावात ही हानी केवळ तांत्रिक नाही. ज्या परंपरेने जनांना कळेल अशा भाषेचा आग्रह धरला, तिचाच शब्द यंत्राने अस्पष्ट होणे हा मोठा विरोधाभास आहे.

येथे मालिका व समांतर वळशाचा भेद कामास येतो. मिश्र विवर्धकाच्या शेवटी मालिका पद्धतीने 'इको' जोडला, तर बुवांचे निरूपण, पखवाज, टाळ व सूचना या सर्वांवर तो सारखाच चढतो. प्रत्येक मायक्रोफोनसाठी वेगळी पाठवणी असलेली समांतर रचना केली, तर अभंगाच्या चालीला नाद देता येतो आणि निरूपण कोरडे, स्पष्ट ठेवता येते. झीलकऱ्यांच्या रीतीत जे तारतम्य होते ते या रचनेने परत मिळते.

मोठ्या आवाजाचा प्रश्न कायद्याच्याही कक्षेत येतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रहिवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरविण्यात आली आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपकास मनाई करण्यात आली. राज्य शासनास वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस, ठरावीक सणांसाठी, मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निर्णयात या नियमांना बळकटी दिली. या मर्यादांकडे बहुधा कलेवरील बंधन म्हणून पाहिले जाते. परंतु वरील विवेचन पाहता स्पष्टता ही जोरातून येत नाही. कमी जोरावर, योग्य जागी संस्कार केलेला आवाज अधिक समजतो आणि ऐकणाऱ्याच्या कानालाही तो कमी अपाय करतो.

निष्कर्ष

१. परिणाम-वळशाचा उगम हा एखाद्या नव्या घटकाच्या शोधातून झाला नाही. विकृती विवर्धकाच्या आत गेल्यामुळे संस्कारांच्या क्रमाचा जो प्रश्न निर्माण झाला, त्याचे ते उत्तर होते.

२. वळसा बसविणे म्हणजे दोन सॉकेट लावणे नव्हे. पातळी, रोध, पूर्ववत स्थिती, अर्थिंग व सुरक्षितता या पाच अटींची पूर्तता झाली तरच तो उपयुक्त ठरतो.

३. बेंजो ही मराठी समारंभातील विद्युत गिटारच होय आणि तिच्या ध्वनिव्यवस्थेचा इतिहास जागतिक विद्युत-वाद्यांच्या इतिहासाचा भाग म्हणून अभ्यासला जावा.

४. गीत व निरूपण यांना एकाच प्रतिध्वनीत घालणे अनिष्ट आहे. समांतर रचनेने ते टाळता येते, ही बाब सप्ताह समित्या, उत्सव मंडळे व ध्वनिव्यवस्था पुरविणारे व्यावसायिक यांच्यापर्यंत पोहोचणे गरजेचे आहे.

५. तालुका पातळीवरील दुरुस्ती कारागिरांच्या वह्या, फेरफार केलेले विवर्धक आणि जुनी प्रतिध्वनियंत्रे हा इतिहासाचा प्राथमिक ऐवज आहे. निर्वात नलिकांवर काम केलेली पिढी आता वृद्धापकाळात आहे आणि जुनी यंत्रे भंगारात जात आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास, भौतिकशास्त्र व मराठी विभागांनी एकत्र येऊन या कारागिरांच्या मुलाखती व यंत्रांची छायाचित्रे जतन केल्यास, विद्यार्थ्यांना आपल्याच गावातील दुकानात इतिहास आणि विज्ञान या दोन्हींचा पाठ मिळेल. हे काम पुढील काही वर्षांत झाले तरच होईल, कारण भंगारात गेलेला विवर्धक आणि न नोंदलेली स्मृती ही दोन्ही परत मिळत नाहीत.